‘सायबर-सुरक्षित’ एसएसडी घ्यावी का? नौपाड्यातल्या एका सीए ऑफिसला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात नौपाड्याला सीए फर्म, एकूण १४ संगणक, त्यांपैकी ६ लॅपटॉप आर्टिकलच्या (सीएचं प्रशिक्षण घेणाऱ्या) मुलांबरोबर क्लायंटकडे फिरतात. संगणक पुरवणाऱ्याने कोटेशन दिलं आहे की साध्या एसएसडीच्या (फ्लॅश चिपवर डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हच्या) तिप्पट किमतीची, ‘हार्डवेअरमध्येच सायबर सुरक्षा’ असलेली एसएसडी सगळ्या मशीनना बसवा. मग रॅन्समवेअरची (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसची) भीती नाही, बिटलॉकर (विंडोजमधली ड्राइव्ह कुलूपबंद करायची सोय) लागणार नाही आणि अँटिव्हायरसचं नूतनीकरणही वाचेल. शेवटी तुम्ही विचारलं आहे की ड्राइव्हचे पासवर्ड एएमसीवाल्याकडे (वार्षिक देखभालीचं कंत्राट असलेल्याकडे) ठेवले तर चालतील का.

मी महापे-रबाळे पट्ट्यात सर्व्हर आणि स्टोरेज सांभाळतो, आणि तुमच्यासारख्या लहान ऑफिसांचंही काम पाहतो. उत्तर आधी सांगून टाकतो. ६ लॅपटॉप एन्क्रिप्ट झालेच पाहिजेत, म्हणजे किल्लीशिवाय त्यांतला डेटा वाचताच येऊ नये, आणि ते तुमच्या आत्ताच्या ड्राइव्हवर जवळजवळ फुकटात होतं. उरलेल्या ८ मशीनसाठी हे कोटेशन परत करा आणि ते पैसे बॅकअपवर घाला. विक्रेत्याच्या तीन दाव्यांपैकी अँटिव्हायरसचा दावा सरळ चूक आहे, बिटलॉकरचा दावा धोकादायक आहे आणि रॅन्समवेअरच्या दाव्यात थोडं तथ्य आहे. का, ते समजून घेतलंत तर पुढच्या वर्षी दुसरा विक्रेता दुसरं काही घेऊन आला तरी तुम्हाला कोणाला विचारावं लागणार नाही.

कोटेशनमध्ये एकाच नावाखाली दोन निराळ्या गोष्टी घातल्या आहेत. त्यांतली पहिली जुनी आणि रुळलेली: स्वतःच एन्क्रिप्ट करणारा ड्राइव्ह. बऱ्याच चांगल्या एसएसडींच्या कंट्रोलर चिपमध्ये (ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपमध्ये) एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीचं सर्किट असतं. ड्राइव्ह आतल्या आत एक यादृच्छिक किल्ली तयार करतो आणि तुम्ही पासवर्ड ठेवा न ठेवा, फ्लॅश चिपवर जाणारा प्रत्येक बाइट त्या किल्लीने एन्क्रिप्ट होऊनच जातो. पासवर्ड लावला म्हणजे डेटा नव्याने एन्क्रिप्ट होत नाही, फक्त ती आतली किल्ली पासवर्डखाली बंद होते. म्हणून १ टीबीचा ड्राइव्हही क्षणात ‘लॉक’ होतो आणि वेगात काही फरक पडत नाही. ट्रस्टेड कम्प्युटिंग ग्रुप या उद्योगसमूहाचं ‘ओपल’ नावाचं मानक आहे. त्यात संगणक सुरू झाला की ड्राइव्ह आधी फक्त १२८ एमबीचा एक छोटा कप्पा दाखवतो. पासवर्डचा पडदा तिथे असतो. बरोबर पासवर्ड मिळाला की खरी डिस्क समोर येते.

यातली मेख अशी की कुलूप लागतं ते वीज बंद असताना. सकाळी साडेनऊला मुलाने पासवर्ड घातला की संध्याकाळी मशीन बंद करेपर्यंत ड्राइव्ह सताड उघडा. विंडोज मागेल ते तो देतो, आणि मागणारं विंडोज तुमच्या मर्जीने मागतंय की एखाद्या व्हायरसच्या सांगण्यावरून, हे त्याला कळायला मार्गच नाही. एन्क्रिप्शन रॅन्समवेअरपासून वाचवतं हा गैरसमज इथेच संपायला हवा. रॅन्समवेअर आलं की ते उघड्या ड्राइव्हवरच्या फायली वाचतं, स्वतःच्या किल्लीने पुन्हा बंद करतं आणि परत लिहितं. ड्राइव्ह इमानेइतबारे तेही वर आणखी एकदा एन्क्रिप्ट करून ठेवतो.

लॅपटॉपचं झाकण मिटलं म्हणजे तो बंद झाला असंही नाही. स्लीपमध्ये त्याला वीज मिळतच असते. जर्मनीतल्या एर्लांगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं होतं की अशा स्थितीत ड्राइव्हची वीज चालू ठेवून फक्त डेटाची केबल दुसऱ्या संगणकाला लावली, तर अनेक ड्राइव्ह उघडेच राहतात. ठाणे-वाशी गाडीतून लॅपटॉप उचलणारा चोर एवढा हुशार नसतो, मान्य. पण तुमच्या मुलांना नियम एकच सांगा: तुर्भ्याला क्लायंटकडे निघताना मशीन शट डाउन करायचं, किंवा हायबरनेट (चालू काम डिस्कवर ठेवून वीज बंद). झाकण मिटून बॅगेत टाकायचं नाही.

आता ‘बिटलॉकर नको, ड्राइव्हच एन्क्रिप्ट करतो’ या वाक्याकडे येतो. या वाक्याला इतिहास आहे आणि तो विक्रेत्यांच्या सोयीचा नाही.

२०१० मध्ये जर्मनीतल्या सिस या सुरक्षा कंपनीने किंग्स्टन, सॅनडिस्क आणि व्हर्बॅटिमचे काही हार्डवेअर-एन्क्रिप्टेड पेन ड्राइव्ह तपासले. त्यांच्याकडे अमेरिकी सरकारच्या फिप्स १४०-२ मानकाचं प्रमाणपत्र होतं, आतलं एईएस २५६ बिटांचं होतं. पण पासवर्ड बरोबर आहे की नाही हे ठरवत होता संगणकावरचा प्रोग्राम, आणि बरोबर ठरला की तो ड्राइव्हला दर वेळी तोच एक ठरावीक संदेश पाठवत होता, पासवर्ड कोणताही असो. तो संदेश थेट पाठवला की ड्राइव्ह उघडला. एईएस तोडायची गरजच पडली नाही.

आठ वर्षांनी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, याहून मोठा धक्का बसला. नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या कार्लो मायर आणि बर्नार्ड फान गास्टेल यांनी क्रुशलच्या एमएक्स१००, एमएक्स२००, एमएक्स३०० आणि सॅमसंगच्या ८४० ईव्हीओ, ८५० ईव्हीओ, तसंच टी३ आणि टी५ या बाहेरून लावायच्या ड्राइव्हचं फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतला, त्याला चालवणारा प्रोग्राम) उलगडलं. यांतल्या काही ड्राइव्हमध्ये पासवर्ड आणि आतली किल्ली यांचा गणिती संबंधच नव्हता. फर्मवेअर फक्त ‘पासवर्ड जुळला का’ असं विचारत होतं. सर्किट बोर्डावरच्या तपासणीच्या जोडणीतून फर्मवेअरच्या त्या प्रश्नाचं उत्तर कायमचं ‘हो’ करून ठेवलं की कोणताही पासवर्ड चालत होता. ८४० ईव्हीओमधली चूक तर मला आजही शिकवण्यासारखी वाटते. पासवर्ड लावल्यावर किल्ली बंद स्वरूपात नव्याने लिहिली जायची, पण एसएसडी जुन्या जागेवर पुन्हा लिहीत नाही, नवीन जागी लिहिते. त्यामुळे किल्लीची जुनी, उघडी प्रत फ्लॅशच्या कुठल्यातरी कोपऱ्यात तशीच राहून जाऊ शकत होती.

त्याहून वाईट भाग बिटलॉकरचा होता. त्या काळी विंडोजचा बिटलॉकर, ड्राइव्ह ‘मी करतो एन्क्रिप्शन’ म्हणाला की त्याच्यावर विश्वास ठेवून स्वतः काहीच करत नव्हता. म्हणजे बिटलॉकर चालू दिसत होता आणि संरक्षण मात्र त्या कच्च्या फर्मवेअरवर उभं होतं. सॅमसंगने संगणकाच्या आत बसणाऱ्या ड्राइव्हसाठी सॉफ्टवेअर एन्क्रिप्शन वापरा असा सल्ला दिला. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१९ च्या अपडेटमध्ये मूळ सेटिंगच बदललं. तेव्हापासून नव्याने एन्क्रिप्ट होणाऱ्या ड्राइव्हवर बिटलॉकर आपलं काम आपणच करतो.

यातून ‘सगळे हार्डवेअर-एन्क्रिप्टेड ड्राइव्ह फसवे’ असा निष्कर्ष काढू नका. आम्ही डेटा सेंटरमध्ये असे ड्राइव्ह रोज वापरतो आणि त्यानंतरच्या वर्षांत बऱ्याच उत्पादकांनी आपलं घर सावरलं आहे. पण फर्मवेअर बंद असतं, आत काय चाललंय ते तुम्ही पाहू शकत नाही, मीही नाही. बिटलॉकर जगभर घासूनपुसून पाहिला जातो, त्यात खोट निघाली की दुसऱ्या महिन्याच्या अपडेटमध्ये दुरुस्ती येते. एसएसडीचं फर्मवेअर तुमच्या ऑफिसात शेवटचं कोणी अपडेट केलं होतं? कोणीच नाही. म्हणून लहान ऑफिससाठी माझं मत ठाम आहे: सॉफ्टवेअर बिटलॉकर लावा, आणि ड्राइव्हचं स्वतःचं एन्क्रिप्शन खाली चालू असेल तर असू द्या, त्याने नुकसान नाही.

लॅपटॉपवर विंडोज प्रो आहे का ते आधी बघा, होम आवृत्तीत बिटलॉकरची पूर्ण सोय नसते. जिथे बिटलॉकर आधीच चालू आहे तिथे कमांड प्रॉम्प्टवर त्याची स्थिती विचारली की एन्क्रिप्शनची पद्धत दिसते. तिथे ‘एक्सटीएस-एईएस’ असेल तर ठीक. ‘हार्डवेअर एन्क्रिप्शन’ असेल तर ते मशीन पूर्ण डिक्रिप्ट करून पुन्हा एन्क्रिप्ट करावं लागेल, नुसतं सेटिंग बदलून जुना ड्राइव्ह सुधारत नाही. फिरत्या लॅपटॉपला टीपीएमबरोबर (बिटलॉकरची किल्ली सांभाळणाऱ्या चिपबरोबर) पिनही लावा. टीपीएमची चिप मदरबोर्डवर वेगळी असेल तर ती किल्ली प्रोसेसरकडे ज्या तारांवरून पाठवते तिथे कान लावता येतो. २०२४ मध्ये एका संशोधकाने रास्पबेरी पाय पिको या काही शे रुपयांच्या बोर्डाने एका जुन्या लॅपटॉपची बिटलॉकर किल्ली ४३ सेकंदांत मिळवून दाखवली. पिन असेल तर तो टाकल्याशिवाय ती किल्ली चिपबाहेर पडतच नाही. वेगाचं म्हणाल तर महागड्या एसएसडीवर चाचणी लावली की फरक मोजता येतो, टॅली आणि एक्सेल चालवताना तुम्हाला जाणवणारही नाही.

आता कोटेशनमधली दुसरी, नवी गोष्ट. तिप्पट किंमत तिच्यासाठी आहे. ड्राइव्हच्या आतच हल्ला ओळखणारी यंत्रणा. सिंगापूरच्या फ्लेक्सॉनने २०२१ मध्ये ‘एक्स-फाय’ नावाची अशी एसएसडी बाजारात आणली. आयबीएमने २०२४ मध्ये आपल्या मोठ्या स्टोरेज यंत्रणांसाठी ‘फ्लॅशकोर मॉड्यूल’ची चौथी पिढी आणली, ती प्रत्येक वाचन-लेखनाची आकडेवारी ड्राइव्हमध्येच काढते आणि निर्णयासाठी वरच्या सॉफ्टवेअरकडे देते. ही फसवाफसवी नाही. यामागचं अभियांत्रिकी मला मनापासून आवडतं, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

पहिला फायदा जागेचा. व्हायरसला एकदा अॅडमिनचे अधिकार मिळाले की तो सगळ्यात आधी अँटिव्हायरस बंद करतो. दोघंही एकाच विंडोजमध्ये राहतात, त्यामुळे जो वरचढ त्याचं चालतं. ड्राइव्हचा कंट्रोलर मात्र वेगळा प्रोसेसर आहे, त्याचं फर्मवेअर वेगळं. विंडोजमधल्या अॅडमिनला तिथे जाऊन पहारा बंद करता येत नाही, निदान येऊ नये.

दुसरा फायदा फ्लॅश मेमरीच्या स्वभावातून आयता मिळतो. फ्लॅशमध्ये लिहिलेल्या पानावर तसंच पुन्हा लिहिता येत नाही. आधी शेकडो पानांचा आख्खा ब्लॉक पुसावा लागतो. म्हणून एसएसडी नवीन मजकूर नव्या पानावर लिहिते, जुनं पान ‘रद्द’ म्हणून नोंदवते आणि सवडीने पुसते. याचा अर्थ, रॅन्समवेअरने तुमची फाइल बदलली त्या क्षणी मूळ फाइल ड्राइव्हमध्ये शाबूत असते. ती फक्त पुसली जायची वाट बघत पडलेली असते. २०१७ मध्ये ‘फ्लॅशगार्ड’ या संशोधनात हेच वापरलं: आधी वाचलं गेलं आणि लगेच वर नवं लिहिलं गेलं अशी पानं पुसायला उशीर करायचा, मग हल्ला झाला तरी मागे जाता येतं. ८४० ईव्हीओमध्ये जो स्वभाव घात करून गेला तोच इथे कामाला येतो.

पण ड्राइव्हची नजर अधू आहे. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनला खोके आत-बाहेर जाताना दिसतात, खोक्यात काय आहे ते दिसत नाही. ड्राइव्हचं तसंच आहे. त्याला फाइलचं नाव, फोल्डर, कोणत्या प्रोग्रामने मागितलं यांतलं काहीच कळत नाही. दिसतात ते ५१२ किंवा ४०९६ बाइटांचे तुकडे आणि त्यांचे क्रमांक. मग तो ओळखणार कशावरून? वाचून लगेच त्याच जागी लिहिणं, लिहिण्याचा अचानक वाढलेला वेग, आणि मुख्य म्हणजे एन्ट्रॉपी, म्हणजे मजकुरातला विस्कळीतपणा. टॅलीची किंवा एक्सेलची जुनी फाइल पाहिली तर तिच्यात पुनरावृत्ती असते. एन्क्रिप्ट झालेला मजकूर पूर्ण विस्कळीत असतो. साधा मजकूर जाऊन विस्कळीत मजकूर भराभर येऊ लागला की धोक्याची घंटा. झिप, जेपीईजी, व्हिडिओ हेही जवळपास तितकेच विस्कळीत असतात, त्यामुळे खोट्या घंटाही वाजतात.

आणि इथे कोटेशनमधली गंमत उघडी पडते. वर बिटलॉकर चालू असेल तर ड्राइव्हपर्यंत पोहोचणारा प्रत्येक तुकडा आधीच विस्कळीत असतो. तुमची बॅलन्स शीट, आर्टिकलच्या मुलाने पाहिलेला क्रिकेटचा व्हिडिओ आणि रॅन्समवेअरचा मजकूर, तिन्ही ड्राइव्हला सारखेच दिसतात. उरतो तो फक्त लिहिण्याचा वेग आणि क्रम, म्हणजे निम्मी नजर गेली. म्हणूनच विक्रेता म्हणतो बिटलॉकर नको. त्याच्या बाजूने ते बरोबर आहे. पण मग लॅपटॉप चोरीला गेला तर सगळी भिस्त त्या ड्राइव्हच्या फर्मवेअरवर, आणि २०१८ ची कथा वर सांगितलीच आहे. फिरत्या लॅपटॉपला चोरीचा धोका मोठा की रॅन्समवेअरचा? तुमच्या ६ लॅपटॉपसाठी मी निःसंशय चोरी आणि हरवणं म्हणेन.

ऑफिसमधल्या ८ मशीनचं गणित वेगळं आहे, पण तिथेही अडचण आहे. तुमच्याकडे, मला वाटतं, एका संगणकाला ‘सर्व्हर’ म्हणतात आणि टॅलीचं फोल्डर सगळ्यांना पूर्ण अधिकारांनी शेअर केलेलं आहे. जवळजवळ प्रत्येक सीए ऑफिसात असंच असतं. रॅन्समवेअर एखाद्या आर्टिकलच्या मशीनवर ईमेलमधून येतं आणि नेटवर्कवरून त्या शेअर फोल्डरवर चालतं. आर्टिकलच्या मशीनमधली महागडी एसएसडी काय बघते? फारसं काही नाही, कारण लिखाण दुसऱ्याच मशीनच्या ड्राइव्हवर होतंय. शिवाय आजकालच्या टोळ्या आधी डेटा चोरतात आणि मग एन्क्रिप्ट करतात. चोरी म्हणजे ड्राइव्हच्या दृष्टीने निव्वळ वाचन, आणि वाचन तर बॅकअपही करतो. काही रॅन्समवेअर फाइलचे मधलेमधले तुकडेच बदलतं, म्हणजे वेगही नजरेत भरत नाही.

समजा, ओळखलं. मग ड्राइव्ह काय करणार? स्वतःला लॉक करणार. ३० सप्टेंबरच्या रात्री, टॅक्स ऑडिटचे अहवाल अपलोड होत असताना, एका मोठ्या झिप फाइलवरून खोटी घंटा वाजली आणि सर्व्हरचा ड्राइव्ह बंद झाला, तर तो उघडायचा अधिकार कोणाकडे? विक्रेत्याच्या माणसाकडे? तो त्या वेळी कुठे असेल? हे आधी लिहून घेतल्याशिवाय असा ड्राइव्ह टॅलीच्या मशीनला लावू नये.

आपल्याच उंबऱ्यावरचं एक उदाहरण घ्या. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला आणि न्हावाशेवाला जेएनपीटीतलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. हा हल्ला आला होता युक्रेनमधल्या ‘एमईडॉक’ नावाच्या कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. सीए मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावं. रीतसर अपडेट, पूर्ण अधिकार, मशीन चालू, ड्राइव्ह उघडे. त्यानंतर त्याने मेमरीतून पासवर्ड उचलले, शेजारच्या मशीनवर उड्या मारल्या, बूट सेक्टरवर (संगणक सुरू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या डिस्कच्या भागावर) स्वतःला लिहिलं आणि फायलींची सूचीच एन्क्रिप्ट केली. ओपलवाल्या ड्राइव्हने यातलं काहीही थांबवलं नसतं. हल्ला ओळखणाऱ्या ड्राइव्हने बूट सेक्टरवरचं लिखाण कदाचित अडवलं असतं, ते त्याला सहज दिसण्यासारखं आहे. मर्स्कचं नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं. आणि कंपनीचं नेटवर्क पुन्हा उभं राहिलं ते कशामुळे, तर खात्यांची माहिती ठेवणाऱ्या सर्व्हरांपैकी घानामधला एक हल्ल्याच्या वेळी वीज गेल्यामुळे बंद होता. बाकी सगळे चालू होते, एकमेकांशी जोडलेले होते, म्हणून एकदमच गेले.

घानाची ती वीज तुमच्या ऑफिसात मुद्दाम घालवायची आहे. तिप्पट किमतीतून वाचलेल्या पैशांत दोन चांगल्या बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या. एक सोमवारी लावायची, दुसरी गुरुवारी, आणि जी लावलेली नाही ती कपाटात. महिन्यातून एकदा तिसरी प्रत घरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. कायम लावून ठेवलेली बॅकअप डिस्क रॅन्समवेअरच्या हिशेबी आणखी एक फोल्डर असते. ढगातला (क्लाउडवरचा) बॅकअप घेत असाल तर जुन्या आवृत्त्या ठेवणारा घ्या आणि त्याचा अॅडमिन पासवर्ड ऑफिसच्या कोणत्याही मशीनवर साठवू नका. तीन महिन्यांतून एकदा एका क्लायंटचा टॅली डेटा बॅकअपमधून रिकाम्या मशीनवर उतरवून उघडून बघा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही. शेअर फोल्डरवर ज्याला फक्त बघायचंय त्याला फक्त वाचायचा अधिकार द्या. घरून काम करण्यासाठी रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटला उघडा ठेवला असेल तर तो आज संध्याकाळी बंद करा. लहान ऑफिसांत रॅन्समवेअर शिरण्याच्या वाटांपैकी ती फार वापरातली वाट आहे आणि तिला कोणत्याही एसएसडीचा उपाय नाही. अँटिव्हायरसही चालू राहू द्या, त्याला फायली आणि प्रोग्राम दिसतात, ड्राइव्हला ते दिसत नाहीत.

फर्मवेअरबद्दल एक गोष्ट राहिली. फेब्रुवारी २०१५ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने ‘इक्वेशन ग्रुप’ या हॅकर गटाचा छडा लावला, तेव्हा सीगेट, वेस्टर्न डिजिटल, तोशिबा, सॅमसंग अशा कंपन्यांच्या हार्ड डिस्कचं फर्मवेअर बदलणारी हत्यारं सापडली होती. फॉरमॅट करा, विंडोज नव्याने टाका, ते तिथेच. तुमच्यामागे कोणी असं हत्यार घेऊन लागणार नाही. पण ड्राइव्ह सही केलेलं फर्मवेअरच स्वीकारतो का, हा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारा, आणि सुरक्षेच्या नावाने ड्राइव्ह घ्यायचाच असेल तर तो अधिकृत वितरकाकडून, सीलबंद, बिलासह घ्या. लॅमिंग्टन रोडवर स्वस्त मिळतोय म्हणून नको.

एन्क्रिप्शनचा जो फायदा कोणी सांगत नाही तो मला सगळ्यात मोठा वाटतो. एसएसडी मरते तेव्हा ती वॉरंटीत कंपनीला परत जाते, डेटासकट. ती चालतच नाही, तर पुसणार कशी? तीच गोष्ट दिवाळीच्या साफसफाईत भंगारात निघालेल्या संगणकांची. क्लायंटचे पॅन, बँक स्टेटमेंट, डिजिटल सहीच्या फायली सगळं त्यात. एसएसडीवर फॉरमॅट मारून किंवा वर शून्यं लिहून ते जात नाही, कारण ड्राइव्ह नव्या जागी लिहितो आणि जुनी पानं मागे राहतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये एसएसडी उकलून हे दाखवलं, आणि काही ड्राइव्हची स्वतःची पुसण्याची आज्ञाही नीट काम करत नव्हती हेही. पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट असलेल्या ड्राइव्हवरचा डेटा मात्र किल्ली नष्ट केली की निकामी होतो. अमेरिकेच्या निस्ट संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेने ही पद्धत, नीट राबवली असेल तर, मान्य केलेली आहे. ओपल ड्राइव्हच्या लेबलवर ‘पीएसआयडी’ नावाचा ३२ अक्षरांचा क्रमांक छापलेला असतो. तो देऊन ड्राइव्ह मूळ स्थितीत आणला की जुनी किल्ली जाते आणि डेटा कायमचा संपतो. हा क्रमांक पासवर्ड विसरल्यावर डेटा परत मिळवायला नाही, फक्त ड्राइव्ह पुन्हा वापरता यावा म्हणून आहे. पासवर्ड विसरला आणि रिकव्हरी की (अडचणीसाठी ठेवलेली पर्यायी किल्ली) नाही, तर डेटा रिकव्हरीवाला चिप काढूनही काही करू शकत नाही. तसे फोन मलाही येतात, आणि मी ‘नाही’ एवढंच सांगतो.

कायद्याच्या बाजूने तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी नोंदवतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि सर्ट-इनच्या (सायबर घटना पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. हरवलेला लॅपटॉप एन्क्रिप्टेड होता हे कागदावर दाखवता येणं वेगळं आणि ‘होता बहुतेक’ म्हणणं वेगळं. म्हणून प्रत्येक लॅपटॉपच्या एन्क्रिप्शन स्थितीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा.

राहिला पासवर्ड एएमसीवाल्याकडे ठेवायचा प्रश्न. नाही. एएमसीवाला तुमच्यासारखी बरीच ऑफिसं बघतो आणि त्याच्याकडचा तो एक्सेल एकदा कोणाच्या हाती लागला की तुमचे १४ ड्राइव्ह एकदम उघडले. शिवाय ओपल ड्राइव्हचा अॅडमिन पासवर्ड त्याच्या एकट्याकडे असेल तर करार मोडल्यावर तुम्हीच बाहेर. बिटलॉकर लावताना प्रत्येक मशीनची ४८ अंकी रिकव्हरी की निघते. ती कागदावर छापा, मशीनचा अनुक्रमांक वर लिहा, एक संच ऑफिसच्या तिजोरीत आणि दुसरा दुसऱ्या पार्टनरच्या घरी. काही लॅपटॉपवर विंडोजने आपणहून एन्क्रिप्शन चालू केलेलं असतं आणि की पहिल्यांदा लॉगिन केलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात गेलेली असते. तुमच्याकडे ते खातं अनेकदा नोकरी सोडून गेलेल्या एखाद्या आर्टिकलचं असतं. ६ लॅपटॉपवर सुरुवात करायची असेल तर आधी हेच तपासा. एएमसीवाल्याला मशीन दुरुस्तीसाठी हवंच असेल तर तुमच्यासमोर तुम्ही पिन टाका, आणि मशीन त्याच्या दुकानात जाणार असेल तर ड्राइव्ह काढून ठेवा.